सिंधुआक्काचा बाजार आणि राज्याचं कर्ज

सार्थकने पंचायतीच्या बोर्डावर तो कागद लावला तेव्हा त्याच्या मनात लोकजागृतीखेरीज काहीही नव्हतं. गावाचं नाव इथं घेत नाही, कारण भाऊसाहेबांची बदली अजून व्हायची आहे. लासुर्णे आणि निमगाव केतकीच्या मधे कुठंतरी, एवढं पुरे. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. सरकारने मध्यंतरी त्यांचं पदनाम बदललं. गावाने बदललं नाही.

सार्थक पंचायतीत संगणकावर बसतो आणि दाखले काढतो. बारामतीला जाऊनयेऊन बी.कॉम. केलं, दोनदा स्पर्धा परीक्षा दिली, आणि त्या परीक्षेचं अर्थशास्त्र अंगात तसंच राहिलं, जिरायला जागाच मिळाली नाही. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला. राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढं गेल्याचं त्याने पेपरात वाचलं आणि त्याचे हात शिवशिवले. त्याने त्या आकड्याला माणसांनी भागलं. माणशी सत्तर हजारांच्या वर आले. गावाला हे कळलं पाहिजे, असं त्याला वाटलं.

आता नुसता आकडा लावला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. म्हणून त्याने संगणकात उघडीच असलेली घरपट्टीची यादी घेतली, तिच्यातल्या नावांपुढं सत्तर हजारांचा आकडा भरला आणि वर मथळा घातला: ‘राज्याच्या कर्जातील आपला वाटा’. मथळा बदलला, पण रकान्याचं नाव ‘मागील बाकी’ होतं ते तसंच राहिलं. आणि पानाच्या तळाला घरपट्टीच्या यादीत दरसाल असते ती ओळही राहिली: मुदतीत भरणा न केल्यास नळजोड बंद करण्यात येईल.

दुसऱ्या एखाद्या मुलखात लोक हसले असते. पण इथला माणूस पाळण्यात असल्यापासून कशाचा ना कशाचा सभासद असतो. सोसायटीचा, कारखान्याचा, दूध संस्थेचा, पतसंस्थेचा. आणि सभासदाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मार्चमध्ये भिंतीवर यादी लागली आणि तिच्यात आपलं नाव आलं, की आपण थकबाकीदार. थकबाकीदार झालं की मत गेलं, मत गेलं की पाव्हण्यात बसायची चोरी.

सकाळी दहाच्या आत पंचायतीपुढं तीसेक माणसं जमली. गेणबा तात्यांचं म्हणणं होतं की त्यांचं आणि धाकट्या भावाचं वाटप झालंय, सात-बारा वेगळा झालाय, तेव्हा निम्मी बाकी धाकट्याच्या नावावर टाकावी. एकाने एकरकमी भरलं तर व्याज माफ होतं का, ते विचारलं. एकाला दाट संशय होता की हा सरपंचांचा डाव आहे, विरोधी पॅनेलची मतं आधीच बाद करून ठेवायचा. सार्थक जिन्यात उभा राहून सगळ्यांना समजावत होता की हे कर्ज आपलं नाही, म्हणजे आहे, पण तसं नाही. या खुलाशाने आणखी दहा माणसं जमली.

त्या गर्दीतून वाट काढत सिंधुआक्का आली. तिला वाट काढावी लागत नाही, लोक आपोआप सरकतात. बाजारात दर बुधवारी तिच्यापुढं सगळेच सरकतात, ती सवय.

सिंधुआक्का गावाच्या आठवडी बाजाराची ठेकेदार आहे. म्हणजे असं: बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्याकडून पंचायतीने दहा रुपये घ्यायचे असतात, कापड अंथरणाऱ्याकडून वीस. पण दर बुधवारी उन्हात फिरून दहा-दहा रुपये गोळा कोण करणार? म्हणून पंचायत मार्चअखेर लिलाव लावते. जो जास्त बोली बोलेल त्याने ती रक्कम पंचायतीत भरायची आणि मग वर्षभर पावत्या फाडून जे मिळेल ते त्याचं. पाऊस पडला, बाजार भरला नाही, तर तोटाही त्याचाच. हा ठेका गेली कितीतरी वर्षं सिंधुआक्काकडे आहे. पंचायतीला वर्षाला साठ हजार, ठरलेले.

त्या सकाळी बोर्डावर तीन कागद शेजारीशेजारी होते. एक सार्थकची यादी. दुसरा बाजाराच्या लिलावाची नोटीस, तिच्यात अट की बोली लावणाऱ्याकडे कोणत्याही शासकीय संस्थेची बाकी नसावी. आणि तिसरा खास ग्रामसभेचा अजेंडा: बाजारतळावर ओटे आणि पत्र्याची शेड बांधणे, त्यासाठी बाजार दहा वर्षांसाठी एका ठेकेदाराला देणे.

तिन्ही कागद सिंधुआक्काने वाचले, बोट ठेवून, सावकाश. मग कमरेची पिशवी उघडून शंभराची नोट काढली आणि सार्थकच्या टेबलावर ठेवली.

“एवढं भरून घे,” ती म्हणाली. “बाकीचं बघू. पण नाव बादमधी टाकू नको. लिलाव तोंडावर हाय.”

“आक्का, हे भरायचं नसतं.”

“मग यादी कशाला लावली?”

नोट परत द्यायला सार्थकने हात पुढं केला, तर आक्का बाहेर जाऊन गेणबा तात्यांशी बोलतही उभी होती. बाहेर गर्दी वाढत होती आणि भाऊसाहेबांचा फोन वाजत होता. सार्थकने यादी फाडली, समोरच्या हॉटेलातून चाळीस कट चहा मागवले, आणि लोक शांत झाले. चहाचे पैसे त्याने त्या शंभराच्या नोटेत स्वतःच्या खिशातली भर घालून दिले. सरकारांचंही असंच होतं म्हणतात. घेतलेलं असतं एका कामाला, जातं लोकांना गप्प करण्यात.

दुसऱ्या दिवशी आक्का पुन्हा आली. सार्थकला वाटलं, नोट मागायला आली. पण तिने खुर्ची ओढली आणि विचारलं, “सरकार घेतं कुणाकडनं?”

इथून पुढं तिला सवयच लागली. सकाळी शेरडं सोडून, गवताचा भारा टाकून ती पंचायतीत यायची, एक प्रश्न विचारायची, उत्तर ऐकून निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच उत्तराच्या पोटातून निघालेला दुसरा प्रश्न घेऊन यायची. सार्थकला पहिल्यांदाच कुणीतरी मन लावून ऐकणारं भेटलं होतं. परीक्षेने दोनदा नाकारलेलं अर्थशास्त्र त्याने मोठ्या हौसेने बाहेर काढलं.

सरकार रोखे काढतं, त्याने सांगितलं. कागद असतो, त्यावर लिहिलेलं असतं की एवढे पैसे घेतले, एवढ्या वर्षांनी परत देऊ, तोवर एवढं व्याज. आणि हे रोखे रिझर्व्ह बँक लिलावाने विकते.

आक्का खुर्चीत पुढं सरकली. “सरकार लिलावात उभं राहतं?”

“राहतं की. फक्त उलटं. तुमच्या लिलावात जो जास्त बोलेल त्याला बाजार. तिकडं जो कमी व्याज मागेल त्याचे पैसे आधी घेतात.”

“आन् कुणीच बोललं न्हाय तर?”

“मग सरकारला व्याज वाढवावं लागतं.”

यावर ती इतकी खूश झाली की त्या दिवशी दुसरा प्रश्न विचारायचाच विसरली. सरकारलाही पडेल चेहऱ्याने बोलीची वाट बघत बसावं लागतं, ही गोष्ट तिने बुधवारी अख्ख्या बाजारात सांगितली.

बोली कोण लावतं, हा पुढचा प्रश्न. बँका, विमा कंपन्या, प्रॉव्हिडंट फंड, सार्थक म्हणाला. आक्काची विम्याची पॉलिसी होती, नवरा बिरदेव याच्या नावाची दुसरी. तिने सार्थककडून दोनदा वदवून घेतलं की विम्याचा हप्ता विमा कंपनीकडे जातो आणि कंपनी त्यातले काही सरकारला देते. तिच्या नावावर सत्तर हजार बाकी दाखवणाऱ्या सरकारला पैसे देणाऱ्यांत ती स्वतःही होती, हे तिला पचायला जरा वेळ लागला. शेवटी म्हणाली, यादीत मग माझं नाव दोन्ही बाजूला पाहिजे हुतं.

आणि जुनं कर्ज फिटतं कधी? सार्थकने खरं ते सांगितलं. मुदत आली की नवं कर्ज काढतात आणि जुनं भागवतात.

“नवं-जुनं,” आक्का म्हणाली.

हा शब्द तिला सांगावा लागला नाही. मार्च चालू होता. अर्धं गाव त्याच खटपटीत होतं. सोसायटीचं पीककर्ज एकतीसच्या आत भरायचं, त्यासाठी चार दिवस कुणाकडून तरी उसने घ्यायचे आणि एप्रिलात सोसायटीने नवं कर्ज दिलं की उसने फेडायचे. कागदावर सगळे चोख. आक्का मात्र या भानगडीत कधी पडली नव्हती, आणि त्याला कारण होतं.

ती धनगराची लेक. लहानपण मेंढरांमागं गेलं, पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणाच्या बाजूला, उन्हाळ्यात माघारी. तिच्या बापाने एकदा पेरणीच्या सुमारास एका बागायतदाराकडून बाजरी सवाईने घेतली होती. चार पोती घेतली तर सुगीत पाच द्यायची. बापाकडे होती लोकर आणि मेंढरं. बाजरी त्याने कधी पिकवलीच नव्हती. त्या साली पाऊस ओढला, बाजरी महागली आणि लोकरीला कुणी विचारीना. पोती तेवढीच होती, पण ती विकत आणायला एरवीपेक्षा दुप्पट मेंढरं गेली. कळपातल्या चांगल्या माद्या तेव्हा गेल्या, आणि पुढच्या वर्षी ते घर कळपामागं न जाता ऊसतोडीला गेलं.

हे ऐकताना सार्थक थांबला. चारेक वर्षांपूर्वी श्रीलंकेत पेट्रोलच्या रांगा लागल्या होत्या, त्याने मोबाइलवर पाहिल्या होत्या. परीक्षेसाठी त्याने ‘परकीय चलनातील कर्जाची जोखीम’ असा चार ओळींचा मुद्दा पाठ केला होता आणि तो त्याला कधीच कळला नव्हता.

“आक्का, श्रीलंकेचं हेच झालं,” तो म्हणाला. “देणं डॉलरचं, आणि हातात चहा.”

“मग त्यांच्या पण माद्या गेल्या असतील,” आक्का म्हणाली.

आपल्या राज्याचं देणं बहुतेक रुपयातच आहे, असं त्याने तिला धीर द्यायला सांगितलं. तिला धीर नको होता. तिला उद्याचा प्रश्न सुचला होता: नोटा सरकारच छापतं, तर छापून का देत नाही? हे तिने अगदी खात्रीने विचारलं, जणू एवढी साधी गोष्ट मुंबईत कुणाला सुचलीच नसेल. सार्थकने महागाईचं सांगून पाहिलं. तिला पटलं नाही. आजही पटलेलं नाही.

पण आक्का नुसत्या हौसेने विचारत नव्हती, हे सार्थकला बुधवारी बाजारात कळलं. तो तिच्याबरोबर फिरायला गेला होता, बघू तरी म्हणून. आक्काच्या एका हातात पावतीपुस्तक, कमरेला तीन कप्प्यांची पिशवी, आणि डोळा असा की पाटी खाली टेकायच्या आत पावती फाटलेली. मिरचीवालीला तिने दहा सोडले, कारण तिची सून दवाखान्यात होती. टोपल्यावाल्याने पाच देऊन पाहिले, त्याला तिने त्याच्या आज्याच्या चिकटपणाची आठवण करून दिली, त्याने मुकाट दहा काढले. ऊन रणरणत होतं आणि मेथीवर ओली गोणपाटं टाकूनही ती मान टाकत होती. ओटे झाले, शेड झाली, तर निम्मे लोक दुपारी चारपर्यंत टिकतील हे आंधळ्यालाही दिसत होतं.

चिंचेखाली बसल्यावर आक्काने विषय काढला. बारामतीकडचा एक ठेकेदार होता, राजवर्धन नावाचा. तो ओटे आणि शेड स्वतःच्या पैशाने बांधायला तयार होता. पंचायतीचा रुपया नको. बदल्यात दहा वर्षं बाजारवसुली त्याची. सरपंच विजयसिंहांना हे फार आवडलं होतं. सरकारी अनुदानाचा प्रस्ताव तीन वर्षं वर पडून होता, निवडणूक दीड वर्षावर आली होती, आणि इथं तर बिनपैशाची शेड मिळत होती.

“दहा वर्सानी मी किती वर्साची हुईन?” आक्काने विचारलं, आणि सार्थकने आकडा सांगायच्या आत हात हलवून तो प्रश्न सोडून दिला. मग म्हणाली, “सरकार इतक्या ठिकाणाहनं पैसं आणतं. पंचायतीला दुसरी वाटच न्हाय का?”

वाट होती. जिल्हा परिषदेचा ग्रामविकास निधी असतो. गावोगावच्या पंचायती दरसाल त्यात थोडं थोडं घालतात, आणि एखाद्या पंचायतीला काम काढायचं असलं की त्यातून कमी व्याजाने कर्ज मिळतं. या पंचायतीने वर्षानुवर्षं पैसे घातले होते, काढले कधीच नव्हते. सार्थकने तिथंच मोबाइलवर हिशेब मांडला. ओटे आणि शेडला आठ लाख धरले तर दहा वर्षं हप्ता लाखाच्या घरात. पंचायतीला बाजारातून मिळतात साठ हजार. हप्ता भागत नाही. राजवर्धनचंच खरं.

एवढं बोलून तो आक्काकडे बघत राहिला. कमरेच्या पिशवीचे तिन्ही कप्पे फुगले होते.

“आक्का, बाजारातनं खरं जमतं किती?”

“पोटापुरतं,” ती म्हणाली आणि पावतीपुस्तक घेऊन उठली.

ग्रामसभा समाजमंदिरात भरली. एरवी कोरम भरायला भाऊसाहेबांना फोन करत बसावं लागतं, त्या दिवशी पायरीवरही लोक होते. बाजारात बसणाऱ्या बायकाही आल्या होत्या. राजवर्धनने ओट्यांचं रंगीत चित्र आणलं होतं, त्यात बाजारात एक परदेशी बाई भाजी घेताना दाखवली होती. विजयसिंह भरभरून बोलले. कर्ज नको, व्याज नको, डोक्याला ताप नको.

आक्का उठली. सार्थकला वाटलं, आता आकडा सांगते. पण ती साधी नाही. तिने वेगळीच वाट काढली. म्हणाली, बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाकडून ओट्यासाठी अनामत घ्यावी, एकदाच, आणि त्या पैशात बांधावं. म्हणजे ना कर्ज, ना ठेकेदार. आणि, हे ती बोलली नाही, ना कुणाला तिच्या पिशवीत डोकवायची गरज.

मिरचीवाली लगेच उठली. “आक्का, माझी पाटी दहा रुपयाची. हजाराची अनामत कुठनं आणू? परवा तूच मला दहा सोडलंस.” बायका हसल्या. आक्काला खाली बसावं लागलं.

मग भाऊसाहेबांनी ग्रामविकास निधीचा पर्याय वाचून दाखवला, कारण नियमाने वाचावा लागतो, आणि स्वतःच निकालात काढला: उत्पन्न साठ हजार, हप्ता लाखाचा, वरचे साहेब कर्ज मंजूर करणार नाहीत. विजयसिंहांनी ठराव मांडायला सांगितलं. लिहायला सार्थकच बसला होता. त्याने मान वर केली. आक्का खाली बघत होती. शेजारी बिरदेव बसला होता, घोंगडी मांडीवर घेऊन, जसा काही पाऊसच येणार होता.

तिच्यापुढं काय होतं, ते सार्थकला लख्ख दिसलं. गप्प राहिली तर दहा वर्षं बाजार गेला. बोलली तर कर्ज मिळेल, बाजार गावाचा राहील, पण बाजारात किती पैसा आहे हे गावभर होईल, आणि मार्चअखेरच्या लिलावात साठ हजारांत तिला तो पुन्हा कुणी देणार नाही. इतक्या वर्षांची सगळी कमाई त्या एका न बोललेल्या आकड्यात होती. ती यादीतली सत्तर हजारांची बाकी खोटी होती. हे मात्र खरंच जाणार होतं.

बिरदेव तिच्याकडे न बघता हळूच काहीतरी बोलला. काय, ते सार्थकला ऐकू आलं नाही. पुढं कधीतरी त्याने विचारलं तेव्हा बिरदेव म्हणाला, मी म्हनलं, उरक, शेरडं बांधायची हायत.

आक्का उठली. “साठ हजार म्या भरते,” ती म्हणाली. “जमतात सव्वा लाखाच्या पुढं. सणाचं धरून.”

मागून कुणीतरी म्हणालं, एवढी वर्सं? आणि आक्का वळून म्हणाली, एवढी वर्सं तू पण तिथंच मेथी घेत हुतास, मोजायचं हुतं. यावर मात्र सगळे हसले, विजयसिंह सोडून.

तिने आणखी एकच विचारलं, तेही सरपंचांना नाही, राजवर्धनला. सव्वा लाख जमतात हे त्याला माहीत होतं का? राजवर्धनने चित्र गुंडाळायला घेतलं. त्याच्या माणसाने चार बुधवार चिंचेखाली बसून पाट्या मोजल्या होत्या, हे पुढं त्या माणसानेच हॉटेलात सांगितलं.

पुढं तासभर गलका झाला. गेणबा तात्यांनी शंका काढली की मागं कोरोनात बाजार कित्येक महिने बंद होता, तसं पुन्हा झालं तर हप्ता कोण भरणार? बाजार बंद राहिला म्हणून हप्ता थांबत नाही. ही शंका मोलाची होती. आक्काने सार्थककडे पाहिलं. सार्थकने उभं राहून सुचवलं की दरसाल हप्ता भागून जे उरेल ते खर्चायचं नाही, बाजूला टाकायचं, एक अख्खा हप्ता साठेपर्यंत. बी.कॉम. झाल्यापासून गावाने त्याचं ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ठराव झाला: ग्रामविकास निधीतून कर्ज मागायचं, बाजार पंचायतीकडेच ठेवायचा, ठेका वर्षावर्षाचा.

मार्चअखेर लिलाव झाला. बोर्डावर या खेपेला दुसरी कुठलीही यादी नव्हती, भाऊसाहेबांनी स्वतः तपासलं. एरवी आक्का आणि तिच्यासमोर नावापुरता उभा केलेला एखादा भाचा, एवढाच लिलाव व्हायचा. या खेपेला सातजण आले. पंच्याऐंशी हजारांना दोघे गळाले. पंच्याण्णवला आणखी तिघे. एक लाखाच्या पुढं आक्का आणि गेणबा तात्यांचा नातू अविराज, दोघेच उरले. अविराज पोरसवदा, नवी बुलेट, बोली लावताना मोबाइलमधून मानही वर करत नव्हता. आक्का एक लाख आठ हजारांवर बोलली. अविराज एक लाख दहा म्हणाला.

भाऊसाहेबांनी एकवार, दोनवार म्हटलं. सार्थकला वाटलं, तिने थांबू नये. तिने पिशवीवर हात ठेवला, बिरदेवकडे बघितलं, तो बाहेर शेरडाकडे बघत होता.

“एक लाख बारा,” ती म्हणाली.

अविराजने या खेपेला मान वर केली. आज्याने बाजूनं त्याचं कोपर ओढलं. लिलाव आक्काकडे सुटला. साठात घेतलेला बाजार तिने एक लाख बारात घेतला, आणि फायदा म्हणून मधे जे उरलं ते पाच-सहा बुधवार पाऊस पडला की संपलं. बाहेर आल्यावर सार्थकने तिला हळूच विचारलं, परवडतं का? ती म्हणाली, ते पुढच्या मार्चला सांगंन. मग म्हणाली, पाटीचा दर दहाचा पंधरा करायला ग्रामसभेत ठराव लागतो का? हा तिचा नवा प्रश्न होता.

जिल्हा परिषदेतून कर्जाच्या कागदांवर अजून एक शंका आली आहे. सार्थक तिचं उत्तर लिहितो आहे. बाजारतळावर ओट्यांच्या जागी चुन्याच्या रेघा मारल्या आहेत आणि मिरचीवालीने आपली रेघ आधीच धरली आहे, वर सावली नसली तरी.

राहिली ती नोट. पुढच्याच पगाराला सार्थकने शंभर रुपये आक्कापुढं धरले. यादीची नोट, चहात गेलेली. तिने घेतले नाहीत. त्याने पुन्हा एका बुधवारी बाजारात देऊन पाहिले, तर सगळ्यांसमोर तिने सांगितलं की पंचायतीचं तिच्याकडं काही निघत नाही, पण तिचं पंचायतीकडं शंभर निघतं, आणि गावात असं म्हणू शकणारं दुसरं कुणी आहे का बघा. कुणी नव्हतं.

“मग कधी घेणार, आक्का?”

“एकतीस मार्चला ये,” ती पावती फाडत म्हणाली. “नवं-जुनं करू.”

आणि मागं उभ्या असलेल्या कांदेवाल्याकडे वळून तिने वीस मागितले.